‘विषय चांगला आहे’ सोडून काहीतरी सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीतली आठ-दहा मंडळी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी क्लबहाउसमध्ये एक मराठी सिनेमा बघणार आहेत, जुने-नवे दोन्ही. परीक्षणं चाळली तर जिथे-तिथे ‘विषय चांगला आहे, एकदा पाहायला हरकत नाही’ एवढंच हाती लागतं. तुम्ही बरीच वर्षं हे काम करताय, तर तारेबिरे न देता, दोन-चार ओळींत, काय बघावं आणि का, ते सरळ सांगा.

सांगतो. पण आधी कबुली देतो, की ‘एकदा पाहायला हरकत नाही’ हे वाक्य मी स्वतः मोजता येणार नाही इतक्या वेळा लिहिलंय. गुरुवारी संध्याकाळी प्रेस शो असतो, खेळ सुटल्यावर दारात निर्माता हात जोडून उभा असतो, रात्री दहाच्या आत साडेतीनशे शब्द द्यायचे असतात. अशा वेळी त्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो: मला आवडला नाही, पण माणसं बरी आहेत. वाचकांनाही तो आता कळायला लागलाय, त्यामुळे त्यातली फसवणूक निदान उघड तरी आहे.

‘विषय चांगला आहे’ हा त्याहून वाईट प्रकार. विषय चांगला असणं ही निर्मात्याची निवड झाली, परीक्षकाचं काम त्याच्या पुढे सुरू होतं. म्हातारपण, शेती, जात, पाणी, शाळा हे विषय चांगले असणारच, त्यात नवल काय? मी गेली काही वर्षं स्वतःला एकच प्रश्न विचारतो. या सिनेमातला विषय बाजूला काढून ठेवला, तर हातात काय उरतं? एखादी चौकट, एखादा आवाज, कुणाची तरी बघण्याची तऱ्हा, काहीही चालेल. काहीच उरलं नाही तर तो सिनेमा नव्हे, निबंध. खालचे सगळे निकाल याच मापानं दिलेत. जमेल तिथे जुना-नवा अशी जोडी लावलीय, म्हणजे दोन महिन्यांत एक गप्पांचा फड तरी रंगेल.

सुरुवात ‘संत तुकाराम’नं करा, 1936चा, प्रभातचा. भाविकांचा सिनेमा म्हणून बाजूला ठेवलात तर मोठी चूक होईल. दामले-फत्तेलालांनी पहिल्या काही मिनिटांतच सगळं मांडून टाकलंय: तुकोबा साध्या, सरळ चालीत ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ गाताहेत, आणि कट झाल्याबरोबर तेच शब्द गावातला ढोंगी सालोमालो ताना-मुरक्या घेत, स्वतःचं नाव घालून लोकांपुढे खपवतोय. गाणं एकच, पण एकाच्या पोटातून येतंय आणि दुसऱ्याच्या गळ्यातून. भाषण नाही, उपदेश नाही, फक्त एक कट. विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट, आणि तुकारामाचा जो मऊपणा त्यांनी आणलाय तो मला नेहमी त्या तालमीतून आलेला वाटतो. चमत्कारांच्या दृश्यांना आज हसू येईल. येऊ द्या, थोड्या वेळानं थांबतं. खरी गंमत जिजाईची. गौरी नावाच्या नटीनं ती अशी उभी केलीय, की देवाशी भांडणारी ही बाई अख्ख्या भक्तिपटाला जमिनीवर धरून ठेवते. नवरा वैकुंठाला निघालाय आणि हिला पोरांच्या जेवणाची चिंता आहे. सिनेमा तिला त्यासाठी कमी लेखत नाही, हे महत्त्वाचं. जाता जाता: ‘आधी बीज एकले’ गाथेत शोधत बसू नका. ते शांताराम आठवल्यांनी याच सिनेमासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. भलेभले फसलेत.

पुढच्या महिन्यात चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ (2020). जोडी विचित्र वाटेल, पण दोन्हींचा प्रश्न एकच आहे: गाणं कुणाला येतं? शरद नेरूळकर ख्यालगायकीत आयुष्य घालतो, रियाझ करतो, गुरूची सेवा करतो, आणि तरी काहीतरी येत नाही ते येतच नाही. रात्री मोकळ्या रस्त्यावर मोटरसायकल संथ चाललीय, कानात तंबोऱ्यावर गुरूच्या गुरू माईंची ध्वनिमुद्रित व्याख्यानं, त्यांचा आवाज सुमित्रा भावेंचा. ही दृश्यं पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी शरद त्या आवाजापासून थोडा अजून लांब गेलेला दिसतो. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरू झालेले अरुण द्रविड हे दोघंही खरे गायक, म्हणून मैफिलीतलं फसणंही खऱ्यासारखं फसतं. निकाल: सालोमालोच्या बाजूनं, पण सहानुभूतीनं सांगितलेला ‘संत तुकाराम’. शास्त्रीय संगीत न कळणाऱ्यांनीही बघावा. किंबहुना त्यांनीच बघावा, कारण कळणारे मध्येच राग ओळखत बसतात.

‘कुंकू’ (1937). म्हाताऱ्याशी लावून दिलेलं तरुण मुलीचं लग्न, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. विषय चांगला, वगैरे. आता विषय बाजूला काढा. काय उरतं? आवाज उरतात. दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) इथे पार्श्वसंगीताचा वाद्यमेळ जवळजवळ हद्दपार केलाय. घड्याळाची टिकटिक, छत्री, पावलं, रस्त्यावरचे आवाज, एवढ्यावर घर उभं राहतं. फुटक्या आरशाच्या तुकड्यांत स्वतःला बघणारे केशवराव दाते आजही अंगावर येतात. शांता आपट्यांची नीरा रडूबाई नाही, ती नवऱ्याला नवरा मानायलाच तयार नाही, आणि ते ती घराच्या आत राहून, रोज, न थकता दाखवून देते. तिच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता आहे, ती मात्र आज जरा उपरी वाटते. शेवटही माझ्या मते म्हाताऱ्याला फार सहज सोडवतो. तरी थोर.

त्याला लागून जयंत सोमलकरचा ‘स्थळ’. तो टोरांटोला 2023मध्ये गाजला आणि आपल्याकडे चित्रपटगृहांत 2025च्या मार्चमध्ये आला. सुरुवातीला मुली मिळून एका मुलाला ‘बघतात’. उंची, शिक्षण, सगळे प्रश्न त्याला. प्रेक्षक हसतात. मग ते स्वप्न होतं हे कळतं, आणि तेच प्रश्न, तशीच बैठक, तेच पोहे खऱ्या मुलीच्या वाट्याला येतात. पुन्हा येतात. पुन्हा येतात. तिसऱ्या वेळेला हॉलमधलं हसू बंद झालेलं मी ऐकलंय. विदर्भातल्या डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केलेलं काम आहे. पुनरावृत्ती हीच इथली पटकथा. कापसाच्या भावाचं गणित आणि मुलीच्या लग्नाचं गणित एकाच घरात, एकाच माणसाच्या डोक्यात कसं चालतं, हे संवादात न सांगता दाखवलंय. प्राध्यापकाचं उपकथानक मला ओढून आणल्यासारखं वाटलं. ते सोडलं, तर गेल्या काही वर्षांतल्या माझ्या पहिल्या पाचांत.

आता राजकारण. इथे माझ्याशी भांडण होणार याची तयारी ठेवलीय.

जब्बार पटेलांचा ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ (1979), दोन्हींची पटकथा तेंडुलकरांची. लोक ‘सिंहासन’ला वर ठेवतात. मी ‘सामना’ला ठेवतो. ‘सामना’ 1975मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत होता, आणि तो पटेलांचा पहिलाच सिनेमा, यावर आजही विश्वास बसत नाही. साखरसम्राट हिंदुराव एका दारुड्या मास्तरला उचलून वाड्यावर आणतो, आणि तो मास्तर एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं? श्रीराम लागूंचं कौतुक सगळे करतात, करायलाच हवं. पण पुढच्या वेळी लागू बोलत असताना निळू फुल्यांकडे बघा. तो माणूस ऐकतो कसा ते बघा. हिंदुराव आधी मजा म्हणून ऐकतो, मग कंटाळून, मग सावध होऊन, आणि शेवटी घाबरून, पण चेहऱ्यावरची रेष क्वचितच हलते. सत्ता म्हणजे काय, हे त्या ऐकण्यात आहे. भास्कर चंदावरकरांच्या संगीतातलं ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ हे आरती प्रभूंचं गाणं सगळ्या गोष्टीवर सावलीसारखं पडतं.

‘सिंहासन’ अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून बेतलेला. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार, सगळे आहेत, आणि सगळ्यांना थोडा थोडा वेळ वाटून दिल्यासारखा आहे. उत्तम दस्तऐवज. सिनेमा म्हणून मात्र तो पुष्कळदा फोनवर बोलणाऱ्या माणसांचा सिनेमा होतो. अपवाद दोन. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, ज्याच्या हसण्यात धमकी आणि थकवा दोन्ही एकाच वेळी दिसतात. आणि निळू फुल्यांचा दिगू टिपणीस: जो नट पडद्यावर आला की लोक शिव्या घालायचे, त्याला हतबल, सज्जन पत्रकार करायचं धाडस. दिगूचं शेवटचं ते वेड्यासारखं हसणं विसरता येत नाही. दर निवडणुकीनंतर हा सिनेमा लोकांना आठवतो, म्हणून त्याची प्रतिष्ठा वाढत राहते. त्यात श्रेय सिनेमाचं किती आणि आपल्या पुढाऱ्यांचं किती, हा हिशोब तुमच्या गटानं करावा.

या दोघांनंतर ‘कोर्ट’. त्यातही एक मेलेला माणूस आहे ज्याचं नेमकं काय झालं हे कुणालाच जाणून घ्यायचं नाही: गटारात उतरलेला सफाई कामगार. लोकशाहिरावर आरोप असा, की तुझं गाणं ऐकून त्यानं आत्महत्या केली. 2014मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, हे सगळं तुम्हाला माहीत असेल. मला त्यात आवडतो तो कॅमेऱ्याचा कोडगेपणा. तो लांब उभा राहतो आणि कुणाच्या बाजूनं सरकत नाही. मग तोच कॅमेरा कामकाज संपल्यावर माणसांच्या मागे त्यांच्या घरी जातो. सरकारी वकील बाई लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. बचावाचा वकील सुपरमार्केटमधून चीज आणि वाइन घेतो. न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. खलनायक सापडत नाही, आणि तोच त्रास आहे. एक सूचना: रिकाम्या कोर्टातले दिवे बंद होतात तिथे उठू नका. सिनेमा संपलेला नाही. माझ्या शेजारचे दोघे त्या वेळी उठून गेले होते, त्यांनी कुठला सिनेमा पाहिला कुणास ठाऊक.

‘पिंजरा’ (1972) कुणी सुचवला तर नाही म्हणू नका, पण अपेक्षा नीट ठेवा. राम कदम आणि जगदीश खेबुडकरांची गाणी अजून ताजी आहेत. पहिला अर्धा भाग, म्हणजे आदर्श शिक्षक आणि मोहात पाडणारी नाचणारीण, हा मात्र आज नुसता जुना वाटत नाही, खोटा वाटतो, कारण तमाशातल्या बाईला सिनेमा फक्त पाय समजतो. दुसरा भाग निराळाच आहे. जिवंत माणसाचा गावात पुतळा उभा राहतो आणि त्याच माणसावर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो. या कल्पनेत जो क्रूर विनोद आहे, तो मराठीत फार कमी वेळा साधलाय. अर्धा थोर, अर्धा डोळे मिटून ऐकण्याचा.

‘जैत रे जैत’ (1977): ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली, ठाकर आदिवासींचा डोंगर, आणि मधमाशीशी वैर धरलेला नाग्या. सीडीवर सगळ्यांनी ऐकलाय, पाहिलाय थोड्यांनी. बघा. स्मिता पाटील चालते तेवढ्यासाठी बघितला तरी पैसे फिटतात.

नागराज मंजुळेंचे दोन लागोपाठच्या महिन्यांत लावा, आधी ‘फँड्री’, मग ‘सैराट’. उलट क्रम नको. ‘फँड्री’त डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी थांबतं, आणि डुक्कर निसटतं. त्या थांबण्यावर एखादा प्रबंध लिहिता येईल, पण मंजुळे तिथे एक सेकंदही जास्त रेंगाळत नाहीत. मग बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरल्या आंबेडकर, फुले, गाडगेबाबांच्या चित्रांवरून जातात. कॅमेरा काही म्हणत नाही. शेवटचा दगड कुणाला लागतो, हे तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या कळेल.

‘सैराट’बद्दल (2016) एवढंच: ज्यांना त्याचा पहिला अर्धा भाग लांबलेला, गोड-गोड वाटतो, त्यांनी लक्षात घ्यावं की ते मुद्दाम केलंय. संथ गती, अजय-अतुलचा भला मोठा वाद्यमेळ, विहिरीत उड्या, हे सगळं आपण लहानपणापासून पडद्यावर पाहिलेलं प्रेम आहे. मध्यंतरानंतर हैदराबादच्या झोपडपट्टीत त्या प्रेमाला रेशन, भांडण आणि संशय भेटतात. आणि शेवटी सगळं संगीत काढून घेतलं जातं. तो शेवट लोक ‘धक्का’ म्हणून सांगतात. माझ्या दृष्टीनं ती शांतता जास्त महत्त्वाची: पावणेतीन तास ज्यानं कान भरले, तो शेवटी एक सूरही देत नाही. शंभर कोटींच्या आकड्यामुळे जाणकार मंडळींनी त्याला थोडं कमी मोजलं. त्यात मीही होतो.

चुकांचा विषय निघालाच आहे, तर उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’. आला तेव्हा मी एका दैनिकात लिहिलं होतं की संथ आहे, लेखकाला काय म्हणायचंय ते लेखकालाच ठाऊक. तीसेक शब्दांत मोडीत काढला आणि झोपलो. काही वर्षांनी घरात एक मृत्यू झाला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, झोप येत नव्हती म्हणून, तो पुन्हा लावला. समीर आणि नचिकेत, दोन भावंडं, त्यातला एक जातो, आणि दुसऱ्याला हे समजत नाही की तो गेला म्हणजे कुठे गेला. यात ‘म्हणायचंय’ असं काही नव्हतंच. लपाछपी होती. एक जण लपलाय आणि दुसरा शोधतोय, सापडेपर्यंत खेळ थांबवता येत नाही. मी पहिल्यांदा गोष्ट शोधत बसलो होतो. आज मला तो त्या दशकातला सर्वांत चांगला मराठी सिनेमा वाटतो. त्या परीक्षणाचं कात्रण मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

त्याच्या जोडीला रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ लावा. 2025 साली सनडान्सला जागतिक विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार त्याला मिळाला. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक त्याच्या लग्नाचं विचारत राहतात, आणि शेतावर लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. दोन पुरुषांचं प्रेम हा ‘विषय’ म्हणून ज्यांनी त्याचं कौतुक केलं किंवा नाक मुरडलं, त्या दोघांनीही अर्धाच पाहिला असं मी म्हणेन. विषय बाजूला काढा: सुतकातल्या घराचे नियम उरतात, चहात दूध की कोरा, डोक्याला तेल नाही, पायात वहाण नाही, आणि त्या बंधनांच्या फटीतून मिळणारी दुपारची मोकळीक. आई आणि मुलगा जितकं बोलतात त्याहून जास्त एकमेकांना समजतात. जयश्री जगतापांची आई, हे माझ्या लेखी या सिनेमातलं सर्वांत मोठं काम. ज्येष्ठ मंडळी बिचकतील असं वाटत असेल तर ‘विहीर’ आधी लावा. सुतकाचं घर सगळ्यांच्या ओळखीचं असतं, पुढचं ते आपोआप बघतील.

काही झटपट.

‘श्वास’ (2004): ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीत आणणारा. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे, आजोबा आणि नातू, अजूनही घसा दाटतो. दोष त्याचा नाही, पण ‘विषय चांगला’ हा रोग त्याच्या यशानंतरच फैलावला.

‘बाईपण भारी देवा’ (2023): मी दुपारच्या खेळाला गेलो होतो, हॉलमध्ये पुरुष चार, त्यातला एक पॉपकॉर्नवाला. नऊवारी आणि गॉगल घालून आलेल्या बायका मंगळागौरीच्या गाण्याला उठून नाचल्या. पडद्यावर जे होतं ते मालिकेच्या वळणाचं. पडद्यासमोर जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चारचौघात बघा, एकट्यानं नको.

‘दशावतार’ (2025): ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर, आणि त्यांच्यासाठीच. दशावतारी नटाचं रोजचं आयुष्य दाखवतो तोवर उत्तम. सूड सुरू झाला की आवाज वाढतो आणि कोकण मागे पडतं.

‘वाळवी’ (2023): परेश मोकाशी. खुनाची योजना, एकामागून एक फजित्या, एकही दृश्य फुकट नाही. विषय विचाराल तर काहीच नाही, आणि यादीत तो म्हणूनच आहे. नावाकडे लक्ष ठेवा, पण आधी कुणाला विचारू नका.

राहता राहिला ‘अशी ही बनवाबनवी’ (1988). तो तुम्ही यादीत आधीच घातला असेल, मला विचारायच्याही आधी. मूळ कल्पना 1966च्या हिंदी ‘बीवी और मकान’ची, पण वसंत सबनिसांच्या संवादांनी ती इतकी पुण्याची करून टाकली की मूळ कुणाला आठवत नाही. काही विनोद आता शिळे झालेत, विशेषतः साडी नेसलेल्या पुरुषावरचे. पण ‘सत्तर रुपये वारले’च्या दृश्यात अशोक सराफ आणि सुधीर जोशी यांच्यामधले थांबे मोजा. कॅमेरा मध्ये लुडबुडत नाही, दोन नटांना एका चौकटीत सोडून देतो. आज असं दृश्य कापून कापून आठ तुकड्यांत दाखवतील. निकाल देण्यात अर्थ नाही, सगळ्यांना पाठ आहे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. ‘कुंकू’, ‘कोर्ट’ आणि ‘साबर बोंडं’च्या दिवशी क्लबहाउसमधले पंखे शक्यतो बंद ठेवा किंवा थंडीच्या महिन्यांत ते लावा, कारण या तिन्हींत अर्धं काम हळू आवाजांचं आहे. आणि ‘बनवाबनवी’ डिसेंबरला ठेवा, खुर्च्या दुप्पट मांडा. लोक संवाद पडद्याच्या आधी म्हणतील, त्यांना गप्प करू नका.